रेखाचे डोळ्यांचे शिक्षण अर्ध्यात न थांबवण्याबाबत

अर्जदार: वामन, वय पन्नाशीच्या आत, धंदा अर्जनवीस, मूळ राहणार गंगापूर तालुका, हल्ली मुक्काम छत्रपती संभाजीनगर (आलो तेव्हा औरंगाबाद).

प्रति: थोरले बंधू दत्तूभाऊ; तसेच गावी राहिलेली व माझ्यामागून शहरात आलेली समस्त भावकी.

घटनेची तारीख: दुष्काळाचे दुसरे वर्ष, चैत्र. तिथी स्मरणात नाही, परंतु टँकरचा वार होता.

साक्षीदार: आमची माय, माझी पत्नी कुसुम, आणि जीपवाला, जो आता हयात नाही.

हकीकत अशी की, त्या दिवशी गंगापूरला जाणाऱ्या जीपमध्ये मी व कुसुम एक पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन बसलो. टँकर आल्यामुळे गाव तिकडे पळाले होते. निरोपाला माय आणि भाऊ, आपण, एवढेच. माय पुढे आली ती उजव्या हाताला ठेवलेल्या हंड्याला अडखळून पडली. रडून डोळे भरले असतील, असे आपण म्हणालात व मीही ते मान्य केले. "जा रं वामन्या, पाऊस पडला की ये," माय म्हणाली. त्यानंतर पाऊस पुष्कळदा पडला. मी मात्र आलो तो पाहुणा म्हणूनच.

इथं येऊन प्रथम गुलमंडीच्या बाजारात कापडाची ठाणे उचलली, मग कचेरीबाहेर टेबल टाकले. शिक्षण नववीपर्यंत, परंतु कायद्याचा अभ्यास मी स्वतंत्रपणे केलेला आहे. तेव्हा शहर संपे तिथं ज्वारी उभी असे. आज तिथंच आमच्या दोन खोल्या आहेत. पाण्यापायी गाव सोडले, आणि नळाला अजून आठवड्यानेच पाणी येते. मेंटेनन्स, ईएमआय, रिचार्ज हे शब्द तोंडी बसले. रागावलो की मात्र गावचेच बोल बाहेर पडतात.

आपली कन्या रेखा आमच्याकडे राहून डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचे शिक्षण घेते, हे भावकीस ठाऊक आहे. रोज संध्याकाळी ती भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावी व मला पेशंट करी. "काका, अंदाजानं सांगू नका. दिसतंय तेवढंच सांगा." असे मला आजवर कोणी सुनावले नव्हते.

मायच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, असे आपण सर्वांनी घरबसल्या ठरवले होते. पिकला की काढायचा, ही आपल्याकडची समजूत. माय स्वतःच म्हणे, "पिकंल तवा बघू. कच्चं कुणी तोडतं व्हय?" गेल्या दिवाळीत रेखाने तिच्या डोळ्यात बॅटरी धरली आणि तिला इकडे घेऊन आली. मोठ्या डॉक्टरांनी सांगितले की हा काचबिंदू. आतल्या दाबाने डोळ्याची नस सुकते. बाजूचे दिसणे आधी जाते, आणि गेलेले परत येत नाही. उजवा डोळा संपला होता. डावा रोज थेंब टाकले तर टिकेल. थेंबांची बाटली घेऊन माय गावी परतली.

भाऊ, त्या दिवशी माय रडून अडखळली नव्हती. तिला हंडा दिसलाच नव्हता. इतकी वर्षे आपण दोघे भाऊ तिचा डोळा पिकण्याची वाट पाहत बसलो, कारण बघायला शिकलेले माणूस गावात नव्हते.

आता रेखाला आलेल्या अजिंठ्याकडच्या स्थळाची गोष्ट. पाहुणे म्हणाले, "परक्या गड्यांच्या डोळ्यात डोळे घालून बघणारी सून आमच्यात चालायची नाय." आपण त्यांना शब्द दिलात की शिक्षण या साली बंद. मी फोनवर हरकत घेतली, तेव्हा आपण म्हणालात, "मायच्या डोळ्यात थेंब टाकाया घरात पोरगी नको व्हय? लई कायदा शिकवू नको मला, वामन्या." त्यावर कुसुम पोळ्या लाटता लाटता बोलून गेली, "का? भाऊजींला हात नाहीत व्हय?" फोन स्पीकरवर होता.

रेखा भांडली नाही. "काका, मी डोळा बघते. गडी का बाई, ते ध्यानातबी येत नाय," एवढे म्हणून तिने तक्ता गुंडाळला. तेव्हापासून तो कपाटावर पडून आहे.

गावात आज किती उंबऱ्यांवर माणसे डोळा पिकण्याची वाट पाहत असतील! त्यांत मोतीबिंदू कोणता आणि काचबिंदू कोणता, हे मला सांगता येणार नाही, आपणांसही नाही. रेखा शिकून परत आली तर तिला सांगता येईल.

घर कशाला म्हणावे, याचा मी पुष्कळ विचार केला. इथला माझा पत्ता आहे, त्यावर टपाल येते. पण अर्ज फेटाळला गेला तरी जिथं दुसऱ्यांदा उभे राहण्याची लाज वाटत नाही, ते घर. या न्यायाने माझे घर अजून आपल्याकडेच आहे.

सबब विनंती की, रेखाचे शिक्षण पुरे होऊ द्यावे व पाहुण्यांस तसे कळवावे. तोवर मायच्या डोळ्यात थेंब आपण स्वहस्ते टाकावेत. उत्तर लेखी द्यावे, परंतु त्याआधी मायच्या समोर बसून, रेखाने शिकावे का, हे तिला विचारावे. बाजूला बसू नये. बाजूचा माणूस तिला दिसत नाही. समोरचा अजून दिसतो. आपले तोंड तिला दिसते आहे, तोवर विचारावे.