बोटीच्या पोटात विहिरीचे पाणी

रविवारी सकाळी आई आणि मी गाडीने पाळीहून निघालो तेव्हा तिच्या मांडीवर एक नारळ होता आणि केळीच्या पानाने तोंड बांधलेला, विहिरीच्या पाण्याने भरलेला तांब्या.

"बोट तुझी, पूजा माझी," ती म्हणाली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. बाबांनी खाणीच्या ट्रकवर उन्हापावसात राबून मला शिकवले; आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. मी जुनी शिडाची बोट घेतली तेव्हा बाबा नुसते हसले. आईने मात्र बजावले. तिचे माहेर नार्वे, नदीकाठचे. लग्न होऊन पाळीच्या तांबड्या धुळीत आल्यापासून ती पाण्यावर गेलीच नव्हती. "एक फावट (एकदा) येते. बोट हालली तर परत बोलवू नकोस."

डिचोली सोडून म्हापशाला थांबलो. गरम उंडे (कडक सालीचे गोल पाव) आणि अळसांद्याचे तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्सेदार भाजी) खाल्ले. शिवोलीचा पूल आला तशी आई काचेला नाक लावून बसली. पलीकडे पेडणे तालुका. आगरवाड्याच्या मिठागरांत पाणी चकाकत होते आणि बगळे एका पायावर उभे होते.

आमची बोट तिथल्याच नदीतल्या एका लहानशा तरंगत्या धक्क्याला बांधलेली असते. तिच्या तळाशी बंदिस्त टाकी आहे. टाकी पाण्याने भरली की बोट ठाम बसते. रिकामी केली की हलकी होते आणि गाडीमागे जोडून नेता येते. मी बोट खाऱ्या पाण्यातच ठेवते. टाकीतले खारे पाणी फार दिवस कोंडले की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो, म्हणून मागच्या खेपेला मी ती नळाच्या पाण्याने भरून ठेवली होती.

धक्क्यावर गणूमामा भेटले. शिरोड्याचे, जन्म मासेमारीत गेलेला, इथे राखणीला नुकतेच लागलेले. होडी वाळूवर ओढून न ठेवता पाण्यातच ठेवायची, हे त्यांना मुळीच पटत नव्हते.

"होडी काय म्हस आसा गो, दिसभर पाण्यात बसाक?" त्यांनी स्वागतच असे केले. आई खळखळून हसली. तिने हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि पदर खोचून एक पाय बोटीत टाकला.

बोट अशी कलंडली की आईने माझा दंड धरून किंकाळी फोडली आणि उडी मारूनच धक्का गाठला. "झाले माझे! चल घरी."

मी चकितच झाले. एरवी ही बोट इतकी हलत नाही. मग पाहिले तर बोट पाण्याच्या बरीच वर आलेली. तिच्या अंगावरचा शेवाळाचा हिरवा पट्टा हवेत वाळत होता.

"मामा, टाकीतले पाणी?"

"उपसलंय!" मामांची छाती फुगली. "झाकाण उघडून बगतंय तर पोट भरून पाणी! हातपंपान सगळा भायर काढलंय. नायतर तुझी होडी बुडली असती, बाये."

मला हसावे की रडावे कळेना. एवढ्या मायेने केलेल्या कामाला काय म्हणायचे? सुकती (ओहोटी) लागायच्या आत निघायला हवे होते, आणि नळाच्या धारेने टाकी भरायला दुपार झाली असती. मी टाकीच्या तळाची झडप उघडली. नदी घडघडत आत शिरू लागली.

"गो, खुळावलंस काय?" मामा ओरडले. "आपल्या हातान होडी बुडवतंस? वैनीनू, चेडवाक (मुलीला) सांगा काय तरी!"

आई हळूहळू खाली बसणाऱ्या बोटीकडे टक लावून पाहत होती. मग म्हणाली, "भाटातला (बागायतीतला) माल उतरवून रिकामी होडी परत आणताना माझे बाबा तिच्यात धोंडे घालत. रिकामी होडी नाचते म्हणत. तसेच ना हे?"

"तसेच, आई."

"मग थांब." तिने तांब्याचे पान सोडले आणि विहिरीचे पाणी टाकीत ओतले. "पोटात थोडे घरचेही असू दे."

टाकी भरली. मी झडप बंद केली, झाकण आवळले. आईने पुन्हा पाय टाकला. बोट किंचित डुलली आणि थांबली. आईने दुसरा पायही आत घेतला.

"मामा, तुम्हीही या," ती म्हणाली. "म्हस पाणी प्यालीय."

"बुडलंव तर तुमका पोहूक येता?"

"नार्व्याची मी. तुम्हालाही ओढून काढीन."

मामा आले. शिडात वारा भरला आणि आम्ही मोरजीच्या बाजूने निघालो. वाटेत एका झोतासरशी बोट कलली. मामांनी देवाचे नाव घेतले, आईने कड घट्ट धरली. पण बोट आपणहून सरळ झाली. आईने हात सोडला, पाण्यात बुडवला आणि बोटे चाटून पाहिली.

"खारट! आमचे नार्व्याचे गोडे असायचे, पावसात," ती म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ माहेरची नदी आमच्याशी बोलत राहिली. मांडीवरचा पदर भिजला तरी तिने तो सावरला नाही.

परतल्यावर आम्ही टाकी उपसली आणि नळ लावून गोड्या पाण्याने भरायला ठेवली. ती भरेपर्यंत मांद्र्याला जाऊन तळलेले पेडवे (लहान मासे) आणि सोलकढी घेतली. परतून झाकण लावताना मामांनी स्वतः बजावले, "आता हेका कोण हात लावूचो नाय."

पुढच्या शनिवारी शाळेतून घरी आले तर दारात विहिरीच्या पाण्याचा कॅन भरून ठेवलेला.

"हा कोणाला?"

"तुझ्या म्हशीला," आई आतून म्हणाली.

त्या पाण्याने टाकीचा तळही झाकला नसता. विज्ञानाच्या बाईंना हे कळत होते. तरी मी कॅन उचलून गाडीत ठेवला. मागच्या आसनावर आईची छत्री आधीच ठेवलेली होती.