मस्कडे आणि काळे शिंपले

माझं परमिट संपायला सहा आठवडे उरले होते आणि ते वाढवायचं पत्र माझ्या मॅनेजरच्या हातात होतं. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या कारखान्यात आम्ही हृदयात घालायच्या नळ्या बनवत होतो. पत्र मिळालं नाही तर परत वेंगुर्ल्याला घरी, आणि घर म्हणजे तिसाव्या वर्षी कांदेपोह्यांचा ट्रे. नको गं बाई!

मॅनेजर शुक्रवारी जेवायला येतो म्हणाला. "मस्कडे घेऊन येतो," म्हणाला. ही फ्रान्सची पांढरी वाइन. तिच्याबरोबर काय खातात याचा कागद मी लगेच इंटरनेटवरून छापून आणला: शिंपले, लिंबू, लोणी चालेल; तिखट, नारळ, चिंच वर्ज्य. आठवडाभर तो कागद फ्रिजवर होता आणि मी घरात येरझाऱ्या घालत होते. बाटली उघडायचा स्क्रूसुद्धा विकत आणला.

आई तीन महिन्यांसाठी वेंगुर्ल्याहून आली होती. इथले मोठे काळे शिंपले बघून ती हरखली; आमच्याकडचे शिंपले, तिसऱ्या, अगदी लहान. "ही तिसऱ्यांची थोरली भैण!" म्हणत खोबरं भाजायला निघाली. मी ओरडले. मसाल्याचा डबा तिच्या हातातून काढूनच घेतला. मग लोण्यात परतलेले ते फिके शिंपले बघून ती म्हणाली, "गो, ह्या जेवाण आसा की पथ्य?"

मॅनेजर दारात आला, बाटली पुढे केली. आणि माझ्या हातांनी काय केलं? पाहुण्याने आणलेली भेट पाहुण्यासमोर उघडायची नाही, हावरटपणा दिसतो, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. थँक यू थँक यू करत मी ती प्रेसमध्ये, डाळींच्या डब्यांमागे ठेवून दिली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मीही म्हणायला लागले होते.

अर्धं जेवण झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. अगं मूर्खे, आठवडाभर जिच्यासाठी एवढा आटापिटा केला ती कुठेय? पण आता उठून आणायची कशी? आणि तो गाडी घेऊन आलेला, कदाचित त्याला नकोच असेल. मागितली असती की त्याने! मी पुन्हा पुन्हा शिंपले वाढत राहिले. "ग्रँड, ग्रँड," म्हणत तो पाणी पीत होता; इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात, छान या अर्थी. टेबलावरच्या त्या स्क्रूकडे बघत होता. दोनदा काहीतरी बोलायला गेला आणि हवामानावर बोलला. मी मनात म्हटलं, पत्राचंच असणार, लाजतोय बिचारा.

निघताना पायरीवर जॅकेटची चेन लावून तो थांबला आणि त्याने सांगून टाकलं. कारखान्यातली आमची नळ्यांची लाइन बंद होणार होती. माझं पत्र वरच्यांनी नाकारलं होतं. "मी भांडलो तुझ्यासाठी," म्हणाला. "वाटलं होतं, एकेक ग्लास घेतला की सांगेन. कोरड्या घशाने जमेना." आणि मी काय म्हणाले असेन? "ग्रँड." त्या माणसाला संध्याकाळभर मीच तहानलेला ठेवला होता, तरी राग मात्र त्याचाच आला.

आत आले. आईला इंग्रजी येत नव्हतं. "काय म्हणालो तो?" तिने विचारलं. सांगितलं.

तिचा चेहरा उजळला. क्षणभरच. मग तिने घाईघाईने तोंड पाडलं, "अरे देवा" म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून भांडी गोळा करायला लागली. पण मी बघितलं होतं. ते मला जेवढं लागलं, तेवढं पत्राचंही लागलं नव्हतं.

मी बाटली काढली, स्क्रू फिरवला आणि उभ्याउभ्याच गार शिंपल्यांबरोबर प्यायले. कागदात लिहिलं होतं तश्शीच जुळत होती. आई बघत होती. जरा वेळाने, मी काढून घेतलेला मसाल्याचा डबा तिने उचलला आणि न विचारता स्वतःच्या बॅगेत भरला.

"थयं वेंगुर्ल्यातय गावतत शिंपले," ती म्हणाली.