गोदूआत्या आणि बंड्याचा पट्टा

गोदूआत्या कुणाच्याही अंगणात आली, की आधी माणसांशी बोलत नसे. कुत्र्याला जवळ बोलवायची, त्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सारायची आणि ती सहज आत गेली, तरच "बरी हायस का गं?" म्हणून घरच्या बाईकडे वळायची. बोटं अडली, तर पट्टा तिथल्या तिथे सैल व्हायचा. "मान वाढती, पट्टा न्हाय वाढत," असं ती म्हणे.

कऱ्हाटीत तिची टोमॅटोची शेती आमच्या मळ्याला लागूनच. नात्याने आमची कुणी नव्हे, पण सगळ्यांची आत्या. लासुर्ण्याला माहेरी असताना तिने दाव्याने मान चिघळलेलं एक वासरू पाहिलं होतं. दावं सैल करायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. ते वासरू जगलं, पण पुढे कधी कुणाला मानेला हात लावू दिला नाही. हे सांगताना तिचा आवाज हळू व्हायचा.

आमचा कुत्रा बंड्या भरात आला आणि मोटारसायकलींमागे धावू लागला. सकाळी एमआयडीसीत कामाला जाणारी माणसं आमच्या दारावरून जात. एकदा त्याला चुकवताना सोपान नावाचा कामगार घसरून पडला, हात मोडला. संध्याकाळी त्याचे वडील आले. "कुत्रं आवरा, न्हायतर आमी आवरू," एवढंच बोलून गेले. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

माझे यजमान, विलासराव, घाबरले. त्यांनी मोबाईलवरून झटक्याचा पट्टा मागवला. हातातलं बटण दाबलं, की कुत्र्याच्या मानेला विजेचा झटका. बंड्याचं धावणं थांबलं खरं. पण तो खाटेखालून बाहेर येईना. भाकरी घेऊन गेले, तर माझ्यावर गुरगुरला.

आत्याने त्याला चुचकारत बाहेर काढलं. पट्टा रात्रंदिवस गळ्यातच होता. तो काढला, तर आतल्या धातूच्या टोकांखालची कातडी लाल, ओलसर झालेली. ती रागावली नाही. टोकं स्वतःच्या मनगटाला लावून म्हणाली, "विलास, दाब."

"आत्या, नको."

"दाब म्हणती न्हवं?"

त्यांनी दाबलं. तिचा हात झटकन उडाला. मनगट चोळत ती म्हणाली, "मला ठावं हुतं, आता बसणार. त्याला कशापायी बसला, ते कळलं तरी असंल का रं?"

"मग मी काय करू? उद्या कुणी जिवानिशी गेलं म्हणजे?"

"व्हय, त्ये बी खरं हाय. शिकवाया तर लागंलच."

डॉक्टरांचं मलम लावून जखम भरेपर्यंत बंड्याची मान मोकळी ठेवली. तोवर तो कुंपणाच्या आतच. मग रुंद, मऊ पट्टा आणि लांब दोरी आली. रोज सकाळी आत्या आणि विलासराव त्याला घेऊन रस्त्यापासून लांब उभे राहत. गाडीचा आवाज आला, की आत्या हाक मारी. त्याने वळून पाहिलं, की भाकरीचा तुकडा. त्याने ओढ घेतली, तर विलासराव दोरीला हिसका देत. "वढू नगं," आत्या म्हणे. "तू वढलंस की त्ये बी वढतंय. नुसता उभा ऱ्हा." कित्येक सकाळी वाया गेल्या. एकदा तर वैतागून विलासरावांनी दोरीच टाकली. आत्याने ती उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिली.

हात बरा झाल्यावर सोपान पहिल्यांदा त्या रस्त्याने आला. बंड्याला पाहून त्याने गाडी थांबवली. "जा सावकाश, सोपान," आत्या म्हणाली. गाडी निघाली. बंड्या उठला, त्याने गाडीकडे पाहिलं, मग विलासरावांकडे; आणि खाली बसला. विलासरावांचे डोळे भरून आले. सोपान मागे वळून वळून पाहत गेला.

मागच्या हिवाळ्यात आत्या झोपेतच गेली. दिवसकार्य झालं आणि काही दिवसांनी सोपान आमच्या दारात उभा राहिला. शर्टातून कुत्र्याचं एक पिल्लू डोकावत होतं.

"विलासदादा, ह्याला शिकवायचंय," तो म्हणाला. "आत्या तर न्हाय आता. तुमी याल का आमच्याकडं?"

विलासरावांनी पायात चपला सरकवल्या.