गाळलेली पानं

पस्तीस सालच्या सुमारास नाशकात मी मॅट्रिकला होते. वडिलांनी वाचनालयातून एक रहस्यकादंबरी आणली होती आणि रोज संध्याकाळी ते ती मला मोठ्याने वाचून दाखवत. गोष्टीत पुण्याच्या एका कॉलेजातून प्रश्नपत्रिका चोरीला गेली होती. माझा संशय शिपायावर होता. वडील मात्र मध्येच घसा खाकरत आणि चार-चार पानं एकदम उलटत. शेवटी चोर निघाले गणिताचे प्राध्यापक!

"पण त्यांनी चोरी केली कशासाठी?" मी विचारलं.

"चोर सापडला ना? मग झालं," म्हणत वडिलांनी पुस्तक मिटलं.

सकाळी भाजी चिरताना आई हळूच म्हणाली, "अगं, एका विद्यार्थिनीवर मन जडलं होतं त्या प्राध्यापकांचं."

तिने दुपारी गुपचूप सगळं वाचलं होतं! मी इतकी चिडले, की दिवसभर दोघांशीही बोलले नाही.