बंदूक भरेपर्यंत

"डुकराले सांगा ना थे."

कोणी नियम सांगितला, मुदत सांगितली, अडचण सांगितली, की बाईंचं एवढंच उत्तर असायचं. आवाज चढत नसे, कपाळाला आठी पडत नसे. मांडीवरची कापडी पिशवी जरा जवळ ओढायच्या, समोरच्याकडे नीट पाहायच्या आणि सांगायच्या की हे सगळं डुकराला सांगा. समोर साहेब असो की माझ्यासारखा दुकानदार, उत्तर तेच. रानडुकराला मुदत समजावून सांगायला जाणार कोण?

आरमोरीच्या बाजारात माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. असं दुकान तुम्हीही पाहिलं असेल. एक कॉम्प्युटर, मनात येईल तेव्हा चालणारा प्रिंटर, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणि सर्व्हर बंद असल्याचा दोष दुकानदाराला देणारं गिऱ्हाईक. दिवसभर उत्पन्नाचे नाहीतर जातीचे दाखले. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी मान वर न करताच विचारलं, उत्पन्नाचा का?

"नाई भाऊ. बंदुकीचा."

कोणाच्या नावानं, असं मी विचारलं. मला वाटलं, मुलगा असेल, भाचा असेल.

"माह्या."

तेव्हा मी मान वर केली. पन्नाशी ओलांडलेल्या, काटक, केस घट्ट बांधलेले, पायात बहुतेक नवऱ्याच्याच असाव्यात अशा मोठ्या चपला. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या बाजूला आणली, स्क्रीन दिसेल अशी, आणि बसल्या. पुढे त्या जितक्या वेळा आल्या तितक्या वेळा खुर्ची अशीच माझ्या शेजारी यायची. त्यांच्यासमोर अर्ज भरताना शाळेत फळ्याजवळ उभं केल्यासारखं वाटायचं.

गाव जंगलाला लागून, आणि बाईंचं शेत गावापेक्षाही जंगलाच्या जवळ. त्यांच्या नवऱ्याकडे वडिलोपार्जित भरमार होती, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची जुनी बंदूक. पीक संरक्षणाचा रीतसर परवाना होता. धान भरायला लागलं की ते शेतातल्या उंच माचावर बसायचे आणि डुकरांचा कळप आला की आभाळाकडे एक बार काढायचे. बार ऐकून डुकरं जंगलात, आणि बाई घरी निवांत. आदल्या वर्षी नवरा गेला. परवाना माणसाबरोबर संपतो, म्हणून बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. त्या हंगामात बाईंनी डबे वाजवून पाहिले, बुजगावणी उभी केली, फटाके फोडले. डुकरांनी थोडे दिवस मान दिला आणि मग सगळं धान लोळवलं.

शेजारचं शेत दिराचं. दीर वाईट माणूस नव्हता, पण त्याचं लक्ष वहिनीच्या बांधावर होतं हेही खरं. त्यानं सरळ सांगितलं की बंदूक नाही तर राखण नाही, आणि राखण नाही तर शेत पडीक पडेल, त्यापेक्षा मला अर्ध्या वाट्यानं दे. बाईंनी सगळ्यांदेखत शब्द दिला की धानाची लोंबी पुरती झुकेपर्यंत परवाना आला नाही तर पुढच्या सालापासून शेत तुझं, आणि मी नागपूरला लेकीकडे. हे मला त्यांनी वांग्याचा भाव सांगावा तसं सांगितलं. पण पिशवीवरची मूठ चांगलीच आवळलेली होती.

"पोरगी चांगली हाय, जवाई चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पण थ्या तिसऱ्या मजल्यावर मी करीन काय? थिथी खाली पाह्यलं तं माती दिसत नाई."

तर आम्ही अर्ज भरायला घेतला. बंदुकीचा परवाना ही काय चीज असते ते मलाही तेव्हाच कळलं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं, ऑनलाइन भरायचा आणि त्याची प्रत गडचिरोलीला नेऊन द्यायची. वयाचा पुरावा, रहिवास, सातबारा, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, त्याचा जुना परवाना, बंदूक ठाण्यात असल्याची पावती. लेक वारस, म्हणून तिची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. वनखात्याचा अहवाल, डॉक्टरचा दाखला, बंदूक सांभाळून हाताळता येते याचं प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी पोलिसांची चौकशी. मी एकेक सांगत गेलो. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य म्हटलं.

परवाना कशासाठी हवा, असा एक रकाना असतो. मी सवयीनं स्वसंरक्षणाकडे वळलो. बाईंनी माझा हात धरला. त्या म्हणाल्या, मला काय झालंय? धानाचं लिहा. मी पीक संरक्षण लिहिलं. ते त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

मग फोटो. शेजारच्या फोटोवाल्यानं सवयीनं थोडं हसायला सांगितलं. बाई त्याच्याकडे अशा पाहत राहिल्या की त्यानंच हसणं थांबवलं. "बंदूक मागाले चालली बाई, हासून कशी चालन?" फोटो आला तो असा, की तो पाहून डुकरं आपणहून जिल्हा सोडतील.

वनरक्षक शेत पाहायला आला तेव्हा डुकरांनी पुरेपूर सहकार्य केलं. आदल्या रात्रीच पऱ्ह्यांचा, म्हणजे रोवणीसाठी वाढवलेल्या रोपांचा, एक वाफा उकरून ठेवला होता. अहवाल जागच्या जागी झाला. प्रशिक्षणातही काही अडलं नाही. नळी आभाळाकडे ठेवायची, माणसाकडे नाही, हे त्या नवऱ्याचं पाहून आधीच शिकल्या होत्या.

डॉक्टरकडे मात्र घोटाळा होता होता राहिला. डॉक्टर नवे, बाहेरून आलेले. मन ठिकाणावर आहे का ते तपासायचं म्हणून त्यांनी विचारलं, झोप लागते का? बाई म्हणाल्या, नाही. कशामुळे? डुकरांमुळे. कसली भीती वाटते? डुकरांची. आजूबाजूला कोणी नसताना आवाज ऐकू येतात का? बाई म्हणाल्या, येतात की, धानातून. डॉक्टरांचं पेन थांबलं. बरं झालं, जवळची नर्स आपल्याकडचीच होती. तिनं हसू दाबत साहेबांना समजावलं की अशी गत तालुक्यात निम्म्या लोकांची आहे. दाखला मिळाला.

राहिली पोलीस चौकशी. आम्ही निर्धास्त होतो. बाईंवर ना गुन्हा, ना तक्रार. जमादार गावात गेले, पारावर बसले आणि चार लोकांना विचारलं की बाई कशी आहे. आणि इथे आमच्या लोकांनी आमच्या लोकांनाच जमेल असं काम केलं. आपल्या गावची बाई बंदूक मागते आहे, तर तिची शिफारस दणक्यात झाली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. एक म्हणाला, बाई वाघाला भीत नाही. दुसरा म्हणाला, तिच्या नादी लागायची कोणाची हिंमत नाही. तिसऱ्यानं सांगितलं की पऱ्ह्यांवरून ट्रॅक्टर घातला म्हणून बाईनं ड्रायव्हरला काठी घेऊन पार डांबरी रस्त्यापर्यंत पळवला होता. हा तिसरा म्हणजे खुद्द दीर. शेत हवं होतं म्हणून मुद्दाम केलं म्हणावं, तर तसं नव्हतं. मी त्याला ओळखतो. वहिनीचं कौतुक सांगायची संधी आली आणि त्याला आवरलं नाही, एवढंच.

जमादारांनी ऐकलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. अर्जदार तापट स्वभावाची असून काठी घेऊन अंगावर धावून जाते.

गडचिरोलीहून सुनावणीचा कागद आला. मी तो वाचून दाखवला तेव्हा बाईंनी पहिल्यांदाच डुकराचं नाव काढलं नाही. पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला. धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर टाकायला लागलं होतं. मला वाईट वाटलं. परवान्यासाठी नाही, परवाने काय, येतात आणि नाकारले जातात. पण या बाईला तिसऱ्या मजल्यावर, मातीपासून दूर बसवायचं, हे मला डोळ्यांपुढे आणवेना. शेवटी जाताना त्या म्हणाल्या, अर्ज तुम्ही लिहिला आहे, तर तुम्हीही चला.

मी गेलो. दीरही आला. त्याला तोंड दाखवायला जागा नव्हती. त्यानं आपल्या मोटारसायकलवर वहिनीला मागे बसवून आणलं आणि कचेरीच्या आवारातल्या झाडाखाली आमच्याकडे पाठ करून बसला.

साहेब शांत स्वभावाचे होते. अहवाल वाचून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं की काठीची गोष्ट खरी आहे का. बाई म्हणाल्या, खरी आहे. साहेबांनी पुढे विचारलं, तुम्हाला राग येतो का?

"येते साहेब. रोज येते."

मी डोळे मिटले. एवढी धावाधाव केली, आणि बाईंनी एका वाक्यात मातीत घातली. साहेबांनी पेन उचललं. मग म्हणाले, अशा रागीट माणसाच्या हाती बंदूक कशी द्यायची, तुम्हीच सांगा.

"साहेब, भरमार हाय थे," बाई म्हणाल्या. "पह्यले दारू टाका लागते. मंग चिंधी. मंग गज घेऊन ठासा, ठासा, ठासा. मंग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासा. मंग बाराची टोपी चढवा. येवढं करता करता माणसाचा राग कुठचा कुठी निंगून जाते. माह्या मालकाचं जलमभर कोणासंग भांडण झालं नाई, थे त्याच्याचपायी."

साहेब ऐकत होते. बाईंनी पिशवी मांडीवर ओढली आणि उरलेलं सांगितलं.

"काठीची गोष्ट येगळी हाय. काठी भरा लागत नाई."

साहेबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. खोलीतला शिपाई खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मग साहेबांनी विचारलं, बार डुकरावर काढणार की आभाळात? बाई म्हणाल्या, आभाळात. डुकरालाही पोट आहे, त्यानं आपल्या जंगलात खावं, माझं म्हणणं एवढंच. साहेबांनी अहवालाच्या खाली काहीतरी लिहिलं आणि आम्हाला जायला सांगितलं.

बाहेर आल्यावर दिरानं वळून न पाहताच विचारलं, काय झालं वयनी? बाई म्हणाल्या, तुझ्यापेक्षा साहेब बरा, कमी बोलते. आणि त्याच्या मागे मोटारसायकलवर बसल्या.

परवाना आला तेव्हा लोंबी नुकती झुकायला लागली होती. म्हणजे शब्दात बसला. ठाण्यातून बंदूक सोडवून बाई थेट माझ्या दुकानात आल्या. ती नवऱ्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळलेली होती, आणि तो दुपट्टा आधी धुऊन आणलेला. मला वाटलं पेढे काढतील. त्यांनी पिशवीतून काकड्या काढल्या, डुकरांच्या तावडीतून वाचलेल्या, आणि टेबलावर ठेवल्या. दसऱ्याला विळ्याशेजारी बंदूक ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं, असं नंतर कोणीतरी सांगितलं.

त्यानंतर बाई दुकानात आल्या नाहीत. येणार कशाला? परवान्याचं नूतनीकरण व्हायला अजून अवकाश आहे, आणि दाखल्यांची त्यांना गरज नाही. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायला त्या आरमोरीला येतात, पण ते काम परस्पर उरकतात. काम झालेलं गिऱ्हाईक परत येत नाही, ही आमच्या धंद्याची रीतच आहे. तरी मला त्या खुर्चीची आठवण येते. समोरच्या बाजूला बसलेलं गिऱ्हाईक आता परकं वाटतं. शेवटी गेल्या कार्तिकात मीच त्यांच्या गावी गेलो. वडशाला काम आहे, वाटेत डोकावतो, असं घरी सांगितलं. वडशाला काही काम नव्हतं.

संध्याकाळ व्हायची होती. बाई माचावर होत्या, आणि माच दोन शेतांच्या बांधावर होता. एका बाजूला त्यांचं धान, दुसऱ्या बाजूला दिराचं. दीर खाली शेकोटीची लाकडं रचत होता. मला पाहून हसला आणि हळूच म्हणाला, "आता दोनी वावरं वयनीच राखते." अर्ध्या वाट्याचं पुढे काय झालं, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी वर चढलो. बाईंनी लेकीचं सांगितलं, नातवाचं सांगितलं. मी म्हटलं, बाई, लेक एवढी बोलावते, हे माचावर चढणं आणखी किती वर्षं?

"डुकराले सांगा ना थे."

इतक्यात जंगलाच्या कडेला धान हललं. दिरानं खालून आवाज दिला, डुकरं आली. बाईंनी घाई केली नाही. बंदूक मांडीवर घेतली, दारू घातली, चिंधी घातली, गज उचलला आणि ठासायला लागल्या. ठासता ठासता नातवाचं उरलेलं बोलणं पूर्ण केलं. तो म्हणतो आजी, तुला पोलिसांनी का नाही धरलं? छर्रे घातले, पुन्हा ठासलं, टोपी चढवली. तोवर धान हलायचं थांबलं होतं.

"गेली का रे?"

"गेली वयनी," दीर खालून म्हणाला.

भरलेली भरमार रिकामी करायची तर बार काढावा लागतो. बाई उभ्या राहिल्या, नळी आभाळाकडे केली आणि मला कानावर हात ठेवायला सांगितलं. आवाज जंगलात जाऊन परत आला. दोन्ही शेतांतले बगळे एकदम उठले आणि तळ्याकडे गेले. धुरातून मला बाईंचा चेहरा दिसला. त्या हसत होत्या. सगळं तोंड भरून, पोरीसारख्या.

फोटोवाल्यानं त्या दिवशी नुसतं हसा म्हणायला नको होतं. आधी बंदूक हातात द्यायला हवी होती.