खोटं रुग्णालय

आमच्या ऑफिसात सगळे त्याला मांडवकर म्हणतात. हे त्याचं आडनाव नव्हे, आम्हीच चिकटवलंय. मांडव घालणारे रिकाम्या मैदानात खांब रोवतात, कापड ताणतात आणि कार्य आटोपलं की सगळं गुंडाळून मैदान मोकळं करतात. याचंही तसंच. आम्ही रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. ते खऱ्या रुग्णालयात जाण्याआधी तपासायचं असतं, आणि तपासणारा माणूस नसतो, एक प्रोग्रॅम असतो. तो माणसासारखी बटणं दाबून रुग्ण दाखल करतो, खाट देतो, घरी सोडतो. पण त्यासाठी त्याला एक अख्खं खोटं रुग्णालय लागतं. खोट्या खाटा, खोटे डॉक्टर, खोटे रुग्ण. ते दर वेळी उभं करायचं आणि चाचणी झाली की पाडायचं, हे मांडवकरचं काम.

त्यात तो इतका काटेकोर की डोकं उठावं. खोट्या रुग्णांना आजारसुद्धा वयाला शोभतील असेच द्यायचा. एकदा मी म्हटलं, "अरे, प्रोग्रॅमला काय कळणार, आजोबांना गोवर आलाय की आणखी काही?" तर म्हणाला, "त्याला नाही कळत. मला कळतं ना!" अशा माणसावर धड चिडताही येत नाही.

या खोट्या रुग्णालयात एक खोटा पोस्टमनही असे. रुग्णालयाकडून नातेवाइकांच्या फोनवर संदेश जातात, ते खरे पोचवणारी कंपनी बाहेरची. चाचणीत तिच्या जागी मांडवकरने लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम बसायचा. तो संदेश घ्यायचा, "पोचवला" म्हणायचा आणि गुपचूप स्वतःच्या खिशात घालायचा. वर आणखी खबरदारी म्हणून खोट्या रुग्णांना फोन नंबर असे द्यायचे, की जे कुठेच वाजत नाहीत. हा नियमही त्याचाच. कुणी विसरलं तर त्याची बिनपाण्याने करायचा.

त्या दिवशी तोच विसरला. आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका रुग्णालयाने संदेश पोचवणारी कंपनी बदलली होती, त्यामुळे चाचणीसाठी सगळं नव्याने उभारायचं होतं. त्या गडबडीत खोट्या पोस्टमनचा पत्ता घालायचा राहिला आणि खऱ्या कंपनीचाच तसाच राहून गेला. त्यात नव्या कंपनीचा फॉर्म त्याचे नेहमीचे, न वाजणारे नंबर घेईना, चुकीचे म्हणून परत करू लागला. साहेब दारात उभे राहून "झालं का? झालं का?" करत होते. मांडवकरने बोटांवर आला तो नंबर टाकला. नंतर बदलू म्हणून.

जेवणानंतर चाचण्या सुरू झाल्या. पडद्यावर एकेक ओळ हिरवी होत गेली. रुग्ण दाखल झाला, हिरवी. खाट बदलली, हिरवी. सगळ्यात शेवटी, रुग्ण दगावल्यास नातेवाइकाला संदेश, तीही हिरवी. मांडवकर खुशीत आला आणि त्याने सगळ्यांसाठी चहा मागवला. पहिला घोट घेतोय तोच फोन वाजला. त्याची भाची होती. पलीकडचा हुंदका मला शेजारच्या खुर्चीत ऐकू आला.

"मामा, बाबा गेले. हॉस्पिटलचा मेसेज आला. आई पळत गेलीय तिकडे."

त्याच्या ताईचे यजमान, त्याचे दाजी, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी त्याच रुग्णालयात होते. ऑपरेशन उत्तम झालं होतं, उद्या घरी सोडणार होते. "तिथे आपलंच सॉफ्टवेअर आहे," असं मांडवकर आठवडाभर मिरवत होता.

त्याने कप ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्या शेवटच्या हिरव्या ओळीखाली संदेश होता: आपल्या रुग्णाचे निधन झाले आहे, पुढील सोपस्कारांसाठी स्वागतकक्षात यावे. संदेशात रुग्णाचं नाव नव्हतं. खासगी बाब म्हणून नाव नको, हा रुग्णालयाचाच आग्रह. आणि खाली नंबर.

त्याने आधी चाचणी बंद केली. मग भाचीला "बाबा ठीक आहेत, चूक झालीय" एवढं कसंबसं सांगितलं. ताईचा फोन लागेना. माझ्या स्कूटरवर मागे बसताना म्हणाला, "ताईचा नंबर टाकला गं मी."

आम्ही पोचलो तोवर ताईंनी दाजींना पाहिलं होतं. ते खाटेवर बसून संत्रं सोलत होते म्हणे. "मी मेलो आणि मलाच पत्ता नाही!" असं शेजारच्या खाटेला सांगून खो खो हसत होते. ताई मात्र खाली स्वागतकक्षात उभ्या होत्या. केस ओले, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात लेकीची. काउंटरमागच्या बाईंवर त्या तुटून पडल्या होत्या. त्या बाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "अहो, मी काहीच पाठवलं नाही हो." शेजारी मॅनेजर उभे होते. ते काउंटरवरच्या बाईंना म्हणाले, "कार्ड द्या आणि घरी जा. उद्यापासून येऊ नका."

भाऊ दिसताच ताईंनी त्याचा दंड धरला. "बरा आलास. तुला यातलं कळतं. शोधून काढ हे कुणी केलं ते. माझ्यासमोर उभा कर त्याला. कान नाही उपटले तर बघ."

"बघतो," मांडवकर म्हणाला.

त्या "बघतो"ने माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्याला मागून कोपर मारलं. तो हलला नाही. मान खाली, कानापर्यंत लाल. काउंटरमागच्या बाई गळ्यातलं कार्ड काढत होत्या. पट्टी केसांत अडकली होती, सुटता सुटत नव्हती. मॅनेजर हात पुढे करून थांबले होते. मांडवकर त्या पट्टीकडे बघत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "उभाच आहे मी."

"कोण?"

"मीच केलंय. त्यांना ठेवा हो कामावर. त्यांचा काही संबंध नाही."

मग त्याने सगळं सांगितलं, खोटं रुग्णालय, खोटा पोस्टमन, राहून गेलेला पत्ता. कुणाला किती कळलं देव जाणे. मॅनेजर हात मागे घेऊन लगेच आमच्या साहेबांना फोन लावायला गेले. बाईंनी कार्ड परत सरळ केलं आणि त्याच्याकडे न बघता पुढच्या माणसाला "बोला" म्हणाल्या.

ताईंनी त्याचा दंड सोडला. मग विचारलं, "पण माझाच नंबर का रे?"

"तेवढाच पाठ आहे मला."

त्या बाकावर बसल्या. कान उपटले नाहीत. आपल्या पायांकडे लक्ष गेलं तेव्हा त्यांनी लेकीची चप्पल घातलेला पाय बाकाखाली ओढून घेतला. मांडवकरने तोंड फिरवलं. "दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं झालं असतं," असं परतताना म्हणाला. मला ते पटलं.

नोकरी गेली नाही त्याची. साहेबांनी झाडलं, रुग्णालयाची माफी मागितली, विषय मिटला. दाजी तर आपल्या मरणाची गोष्ट येईल त्याला रंगवून सांगतात. ताई त्या वेळी स्वयंपाकघरात निघून जातात. फोन नुसता टुंग वाजला तरी त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. शेवटी त्यांनी नंबरच बदलला. नवा नंबर सगळ्या घराला कळवला, यालाही. वेगळं काही लिहिलं नव्हतं, जे सगळ्यांना तेच.

परवा डबा खाताना त्याने सवयीने ताईंना फोन लावला. बोटंच ती, जुन्याच वाटेने गेली. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं पलीकडची बाई सांगू लागली. त्याने ते पूर्ण ऐकलं.

"आता कुठेच वाजत नाही हा," तो म्हणाला. "आता चाचणीला चालेल."

मी हसले. मला वाटलं, विनोद केला. त्याने फोनमध्ये नवा नंबर शोधला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि फोन उलटा ठेवून डबा बंद केला. पोळी अर्धी तशीच होती.