चिखलदऱ्याची नसलेली कॉफी

आमच्या घरी पाहुण्यांना गेली तीसेक वर्षं जी कॉफी मिळत आली, ती कॉफी नव्हती आणि चिखलदऱ्याची तर नव्हतीच. ती ज्वारी होती. माझी बायको ती भाजत होती. सांगायचं एवढंच आहे, पण ते सांगायला मला सत्तरी ओलांडावी लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे सुरू झालं तेव्हा मी अंजनगाव सुर्जीला बदलीवर होतो. कचेरीत दिवसातून पाचसहा वेळा चहा, घरी आलो की कॉफी. पोटात आग पडायला लागली, जेवण अंगी लागेना. डॉक्टरांनी दोन्ही बंद केलं. संध्याकाळी हातात कप नसला की मी घरात सगळ्यांवर डाफरायचो. बायकोनं कुणाकडून तरी ऐकलं होतं की भाजलेल्या धान्याचं पाणी कॉफीसारखं लागतं. तिनं ज्वारी धुऊन सावलीत वाळवली आणि लोखंडी कढई घेऊन बसली. आच जरा वाढली की लाह्या फुटतात, कमी पडली तर पिठाचा वास राहतो. दाणा चिंचोक्याच्या रंगावर आला की उतरवायचा. त्यात मूठभर भाजलेला हरभरा, सुंठ आणि जायफळ. ही पूड पाण्यात उकळायची, दूध घालायचं आणि खाली उतरवल्यावरच गूळ टाकायचा, नाहीतर दूध फाटतं. पहिला घोट कडवट लागला, मग मागून खरपूस भाकरीची चव आली. महिनाभरात पोट शांत झालं. मी तिला काय म्हणालो ते आठवत नाही. बहुतेक काहीच म्हणालो नसेन.

त्याच वर्षी अमरावतीहून साहेब तपासणीला आले आणि आमच्याकडे जेवले. पुण्याकडचे, बोलण्यात टापटीप. आमच्या घराण्यात सरकारी नोकरी लागलेला मी पहिला. पाहुण्यासाठी गव्हाच्या पोळ्या आणि घरच्यांसाठी ज्वारीची भाकर, अशी आमच्याकडची रीत. जेवणानंतर बायकोनं आपणहून ते पेय पाठवलं. साहेबांनी घोट घेतला, कप नाकाजवळ नेला आणि विचारलं, "वा! कुठली ही?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "चिखलदऱ्याची कॉफी आहे साहेब. खास मागवतो."

बायको आतल्या दाराशी उभी होती. साहेब गेल्यावर कप विसळता विसळता ती म्हणाली, "मी काई ज्वारी चोरून आनली होती काय?"

मी म्हणालो, "साहेबाले ज्वारीचं पानी पाजलं असं सांगू?"

तिनं कप पालथे घातले आणि विषय संपला. तेव्हा मला ती माझी जीत वाटली होती.

साहेबांनी कचेरीत त्या कॉफीचं नाव केलं. लोक डबा मागू लागले. मी हो म्हणायचो, भाजायची ती. चिखलदऱ्याहून एक ओळखीचा माणूस आणून देतो, असं मी सांगायचो. त्याचा पत्ता मागणारे वाढले तेव्हा मी त्याला मारून टाकलं. एका सहकाऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं. तरी डबे थांबेनात, म्हणून मग त्या माणसाला एक मुलगाही दिला. "यंदा त्या पोराची कॉफी बापापेक्षा सरस आहे," असंही एकानं सांगितलं. सगळे आभार मी घेतले. तिच्या मनगटाला कढईचे चटके बसत होते.

आता आम्ही अकोल्यात राहतो. शेजारी एक निवृत्त मास्तर आहेत, भातकुलीकडचे, एकटे. रोज संध्याकाळी येतात. अर्धाच कप घेणार आणि दुसऱ्या दिवशी तक्रार करणार, "तुमची कॉफी लय कडक आहे भाऊ. डोयाले डोया लागला नाही."

गेल्या हिवाळ्यात मास्तर आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. बायकोनं कप पुढे केला, तर त्यांनी हातानं सारला.

"नको वयनी. छातीत धडधड होते. डॉक्टरनं कॉफी पार बंद केली. तुमच्या घरचा हा एक कप होता दिवसाचा, तोई गेला."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी आता काय करतो, एवढंच तिला पाहायचं होतं. मी गप्प राहिलो असतो तर खोटं टिकलं असतं आणि एका एकट्या माणसाची संध्याकाळ गेली असती.

"प्या मास्तर," मी म्हणालो. "ही ज्वारी आहे."

"कॉफी कुठी आहे मंग?"

"कॉफी कधीच नव्हती. ही भाजते. चिखलदरा, तो मानूस, त्याचं पोरगं, सगळं माहं खोटं."

मास्तरांनी कपात पाहिलं, मग माझ्याकडे. "अन् मंग इतके वर्सं मले झोप काहून येत नव्हती?"

"दुपारी दोन घंटे घोरता म्हनून," बायको म्हणाली.

मास्तर हसता हसता खोकू लागले. त्या दिवशी त्यांनी पूर्ण कप घेतला आणि आभार तिचे मानले, माझ्यादेखत. ते ऐकून मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. हलकं वाटलं.

ते गेल्यावर ती म्हणाली, "तुमाले पह्यला कप भेटला ना, त्याच्या आंधी सात खेपा बिघडल्या होत्या. शेजारच्या म्हशीले घातल्या." एवढ्या वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी जुन्या लोकांना फोन करून खरं सांगू लागलो. ज्या सहकाऱ्यानं माझं सांत्वन केलं होतं, तो आता अमरावतीला असतो, त्याला पहिला लावला. तो चाट पडला. फोनवर मागून त्याच्या बायकोचं हसू ऐकू आलं. तिला हे केव्हापासूनच ठाऊक होतं. ती स्वतःच घरी भाजत होती, माझ्या बायकोनंच शिकवलं होतं. पुढच्या दोन घरांतही तेच. फसलो होतो ते आम्ही पुरुषच.

मी बायकोला विचारलं, "मंग त्या बायाईनं आपापल्या नवऱ्याले काहून नाही सांगितलं?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच म्हटलं, राहू द्या. कचेरीत यांले मान आहे."

ज्यांच्या घरी आमचा डबा गेला आणि ज्यांना माझा फोन अजून पोचला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं. आभार मानायचे असतील तर तिचे माना. मी तर रोज संध्याकाळी मानतो. "पुरे आता, गार होऊन राह्यली," असं ती म्हणते आणि कप माझ्याकडे सरकवते.